जेड (घरातील जोपासना)

क्रॅसुलेसी कुलातील मांसल पानांचे, सदाहरित, बहुवर्षायू झुडूप. शास्त्रीय नाव क्रॅसुला ओव्हाटा. मूळ प्रदेश दक्षिण आफ्रिकेतील ईस्टर्न केप व क्वाझुलू-नाताळ आणि मोझांबिक. तेथे खडकाळ, कोरड्या उतारांवर ते पुरुषभर उंच वाढते. खोड जाड व करड्या सालीचे असते. पाने समोरासमोर, ३ ते ९ सेंमी. लांब, चकचकीत असून भरपूर उन्हात त्यांच्या कडा तांबूस होतात. फिलिप मिलर या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने १७६८ मध्ये या झाडाचे वर्णन कोटिलेडॉन प्रजातीत केले होते. ते क्रॅसुला प्रजातीत आणले गेले १९१७ मध्ये.

आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘जेड’ मागितले की बऱ्याचदा हातात पडते ते भलतेच झाड, पोर्च्युलाकॅरिया आफ्रा. तेही दक्षिण आफ्रिकेतलेच, पण कुल वेगळे. त्याची पाने नखाएवढी, कोवळ्या फांद्या लालसर आणि लवचीक असतात. हे झाड पाण्याच्या बाबतीत पुष्कळच सोशीक असते. त्यामुळे शेजाऱ्याच्या ‘जेड’ला रोज पाणी घालून चालते म्हणून आपल्याही घालावे, हा हिशोब फसतो. आधी कुंडीत काय आहे ते पाहावे.

खऱ्या जेडची पाणी वापरण्याची रीत निराळी आहे. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याबरोबर भरपूर पाणीही गमावतात. जेड ही रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असताना उघडते, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण करते. या प्रक्रियेला क्रॅसुलेसी कुलावरूनच नाव मिळाले आहे. तिची एक जुनी नोंद भारतातली आहे. आपल्या परिचयाच्या पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट लागतात, असे येथे काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने चाखून पाहिले आणि ते निरीक्षण १८१५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पानफुटीही याच कुलातली.

पाणी इतके जपून वापरणाऱ्या झाडाला घरातल्या कुंडीत सर्वांत मोठा धोका तहानेचा नसून लाडाचा असतो. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि बुरशी त्यांचा ताबा घेते. म्हणून वार ठरवून पाणी घालू नये. मातीत काडी खोलवर खुपसून काढावी; तिला ओल लागली तर थांबावे. काडी कोरडी निघाली की तळाच्या भोकातून पाणी वाहीपर्यंत भरपूर घालावे आणि बशीत साचलेले लगेच ओतून द्यावे. खालचे एखादे पान चिमटीत धरूनही अंदाज येतो. टणक असेल तर साठा भरलेला आहे. किंचित मऊ आणि सुरकुतलेले असेल तर पाणी हवे. फसगत होते ती पाने सुरकुतलेली आणि माती मात्र ओली असते तेव्हा. मुळे कुजल्यामुळे पाणी वर चढत नसते, आणि माणूस तहान समजून आणखी एक तांब्या ओततो. अशा वेळी रोप उपटून, खोडाचा काप आतून स्वच्छ, तपकिरी डाग नसलेला दिसेपर्यंत छाटत जावे आणि उरलेला शेंडा नव्या रोपासाठी छाट म्हणून वापरावा.

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये माती आठवडाआठवडा वाळत नाही. तेव्हा कुंडी पावसाच्या झडीपासून आत घ्यावी आणि पाणी जवळपास बंदच करावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात अडचण उलटी असते: दुपारच्या उन्हाने पाने भाजतात. तेथे सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि दुपारी सावली. एरवी रोज चार तास तरी ऊन मिळणारी खिडकी किंवा गॅलरी उत्तम. अंधाऱ्या दिवाणखान्यात ठेवलेले जेड मरत नाही, पण दोन पानांमधले अंतर वाढून ते लोंबकळू लागते.

कुंडी मातीची बरी, कारण तिच्या अंगातूनही ओल उडते. नुसती काळी माती वर्ज्य. साधारण निम्मी भरड नदीची वाळू किंवा विटांचा चुरा आणि निम्मी पोयटा माती, त्यात मूठभर गांडूळखत, एवढे पुरते. समुद्राची वाळू खारट, ती नको. तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो हा समज खरा नाही. ओल त्या थराच्या वरच्या मातीत अडून राहते.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की ते पिठ्या ढेकूण समजावेत. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते टिपून घ्यावेत.

नवे रोप फांदीच्या छाटापासून किंवा एका पानापासूनही होते. छाटाची जखम सावलीत चार-पाच दिवस वाळू देऊन मगच लावावी. पांढरी-गुलाबी, चांदणीसारखी फुले लांब आणि थंड रात्रींनंतर येतात, म्हणून मुंबईसारख्या उबदार ठिकाणी कुंडीतले जेड क्वचितच फुलते. पाने कुत्र्या-मांजरांना बाधतात. ती खाल्ल्यास उलट्या होऊ शकतात, तेव्हा घरात पाळीव जनावर असल्यास कुंडी उंचावर ठेवावी.