स्वयंसेवी छावणी-संग्रहालय

स्वयंसेवी छावणी-संग्रहालय : सैन्य उठून गेलेल्या ठाण्यात किंवा छावणीत, त्या जागेचा लष्करी इतिहास जपण्यासाठी स्थानिक नागरिक आणि माजी सैनिक यांनी बिनपगारी श्रमांतून उभारलेले लहान वस्तुसंग्रहालय. मोठ्या वस्तुसंग्रहालयात वस्तू मूळ ठिकाणाहून उचलून दालनात मांडलेल्या असतात. अशा संग्रहालयात मात्र बराक, पागा, दारूगोळ्याचे कोठार, परेडचे मैदान आणि विहीर हाच संग्रहाचा पहिला भाग असतो, आणि काचेच्या कपाटातील बिल्ले, वह्या, तलवारी त्या जागेच्या अनुषंगाने अर्थपूर्ण होतात.

या प्रथेचे ठळक रूप इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धातील ओस पडलेल्या विमानतळांवर दिसते. नॉरफक परगण्यातील थॉर्प अॅबट्स येथे अमेरिकी वायुदलाचा १०० वा बाँबर गट होता. तेथील मोडकळीस आलेला नियंत्रण मनोरा १९७७ पासून गावकऱ्यांनी दुरुस्त करायला घेतला आणि १९८१ मध्ये तो संग्रहालय म्हणून खुला झाला. ससेक्समधील टँगमिअर हा विमानतळ १९७० मध्ये बंद पडला आणि १९८२ मध्ये तेथेही असेच संग्रहालय सुरू झाले. महाराष्ट्रात अहिल्यानगर (अहमदनगर) येथील १९९४ चे रणगाडा संग्रहालय सर्वांना परिचित आहे. परंतु ते चालत्या लष्करी केंद्राने उभारलेले असल्यामुळे त्याचे स्वरूप वेगळे आहे.

मराठवाडा या प्रकारच्या कामासाठी विलक्षण समृद्ध प्रदेश आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेतलेले नाही. निजामाच्या राज्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली राहणारी फौज आरंभी निजामाच्या दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधी म्हणजे रेसिडेंट हेन्री रसेल याच्या नावाने रसेल ब्रिगेड म्हणून ओळखली जाई. १८५३ च्या तहानंतर तिला ‘हैदराबाद कंटिन्जंट’ हे नाव मिळाले आणि तिच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनी सरकारकडे लावून दिला. त्यांपैकी धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. या फौजेची ठाणी औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे होती. तिचे रिसाले म्हणजे घोडदळाच्या पलटणी सिलेदारी पद्धतीच्या होत्या : घोडा आणि सरंजाम स्वाराने स्वतःचा आणायचा, आणि ज्याला ते परवडत नसे त्याने दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसायचे. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. छत्रपती संभाजीनगरची छावणी आजही नांदती आहे. जालना, हिंगोली आणि अंबाजोगाई येथील ठाणी मात्र उठली. मागे राहिली ती जाड भिंतींची बांधकामे आणि लोकांच्या तोंडची नावे. हिंगोलीचा रिसाला बाजार किंवा जालन्याचा सदर बाजार या नावांतच छावणीची रचना साठलेली आहे, कारण सदर बाजार म्हणजे पलटणींना माल पुरवणारी छावणीतील अधिकृत पेठ. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा उलगडा करून देणे, एवढे एकच काम अशा संग्रहालयाने केले तरी त्याचे अस्तित्व सार्थ ठरावे.

या ठाण्यांचे धागे दूरवर पोहोचतात. कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्याला १९०३ मध्ये ‘२० वे डेक्कन हॉर्स’ असे नाव मिळाले आणि १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वुड येथे याच रिसाल्याने भाले सरसावून हल्ला चढवला. कंटिन्जंटच्या पायदळ पलटणींतून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट तयार झाली. तिलाच १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट हे नाव देण्यात आले. हिमालयाच्या कुशीतील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नामवंत रेजिमेंटच्या मुळाशी निजामाच्या मुलखातील पलटणी आहेत, ही गोष्ट मराठवाड्यातील शाळकरी मुलांना कुठेच सांगितली जात नाही, याची खंत वाटते.

मराठवाड्यात असे संग्रहालय उभारणाऱ्यांपुढील खरा प्रश्न निवडीचा असतो. त्याच जमिनीवर परस्परविरोधी इतिहास नांदलेले आहेत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईची खूण असलेला हत्ती आजही मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहे. जून १८५७ मध्ये औरंगाबादेत कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यातील स्वारांनी बंडाचा पवित्रा घेतला आणि पुण्याकडून आलेल्या जनरल वुडबर्नच्या तुकडीने तो मोडून काढल्यावर अनेकांना मृत्युदंड दिला गेला. त्या शिक्षेचे स्थळ असलेला काळा चबुतरा आज क्रांती चौक म्हणून ओळखला जातो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. फ्रान्समध्ये भाला घेऊन धावलेला रिसाला आणि १८५७ मध्ये ज्यातील स्वारांना देहान्त शिक्षा झाली तो रिसाला एकच आहे. संग्रहालयाने यांपैकी सोयीची बाजू तेवढी मांडली, तर ते कोणाच्या तरी गौरवाचे दालन होऊन बसते. बंडवाले, फौजेत राहून इमान राखणारे, हैदराबाद मुक्तिसंग्रामात संस्थानाच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांत राहिलेले तरुण आणि आजच्या सैन्यातून निवृत्त झालेले जवान या सर्वांना एका भिंतीवर, ज्याच्या त्याच्या काळाच्या संदर्भासह, जागा देणे अवघड आहे, पण आवश्यक आहे.

कामाची सुरुवात बहुधा इमारतीपासून होते आणि पहिली चूकही तिथेच होते. छावणीच्या जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल शोषतो आणि सोडतोही. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, दगड-विटा कुजू लागतात आणि चार-सहा पावसाळ्यांत पोपडे सुटतात. त्यामुळे दुरुस्ती चुन्यातच करावी लागते. घाण्यात मळलेल्या, गूळ आणि बेलफळाचा गर घातलेल्या चुन्याचे काम जाणणारे वयस्क गवंडी अजून काही ठिकाणी आहेत, आणि स्वयंसेवकांनी त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणे हेही एका अर्थाने वारसा जपणेच आहे. मराठवाड्यातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून इमारतीभोवतीचे पाणी दूर नेणारी चर खणणे हे कपाटे घेण्याच्या कितीतरी आधीचे काम होय. अंगणात जुना रणगाडा ठेवण्याची हौस सर्वांनाच असते. टी-५५ या रणगाड्याचे वजन सुमारे ३६ टन असते, आणि काळ्या मातीत त्यासाठी खोल पाया घातला नाही तर चौथराच कलतो.

वस्तूंची बाब याहून नाजूक आहे. आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंदवहीत लगेच नोंद व्हावी लागते : अनुक्रमांक, कोणाकडून आली, कधी, देणगी की उसनवार, कोणत्या व्यक्तीने कोठे वापरली, आणि त्या वेळी तिची अवस्था कशी होती. हा मजकूर नसलेली तलवार ही भंगारातील तलवारीहून फार वेगळी नसते. माजी सैनिक या कामाचा कणा असतात, पण त्यांची एक सवय इथे आवरावी लागते. पितळी बिल्ला ब्रासो लावून लखलखीत ठेवणे ही फौजेतील शिस्त. संग्रहालयात मात्र प्रत्येक घासण्याबरोबर पितळेचा पापुद्रा जातो. बिल्ला बोटांत धरून तिरप्या उजेडात पाहिला तर हे स्पष्ट दिसते : रेजिमेंटच्या नावाच्या अक्षरांच्या कडा गुळगुळीत झालेल्या, आणि खाचांत पॉलिशची वाळलेली पांढरट भुकटी अडकलेली. अशा वस्तूवरील धूळ मऊ कुंचल्याने झाडावी आणि ती सुती हातमोजे घालून हाताळावी, इतकेच पुरते. लोकरी कोटांचा शत्रू कसर. ते तारेच्या हँगरवर न टांगता आम्लविरहित कागदाच्या घड्या मधे घालून आडवे ठेवतात, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळा सरल्यावर उलगडून तपासतात.

कायद्याची चौकट पाळणे ही स्वयंसेवकांची जबाबदारीच आहे. अशी संस्था सामान्यतः १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदवली जाते. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत ७५ वर्षांहून जुने दस्तऐवज, पुरावशेष ठरतात. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. बंदुकांना १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू होतो. जुन्या गोळीबार मैदानात गंजलेला तोफगोळा दिसला तर तो कितीही निकामी वाटला तरी हात न लावता पोलिसांना बोलवायचे असते. संग्रहाच्या उत्साहात तो उचलून आणणे जिवावर बेतू शकते.

सर्वांत नाशवंत संग्रह म्हणजे आठवणी. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत लढलेल्या मराठवाड्यातील जवानांची पिढी वेगाने संपत चालली आहे. अनेक घरांत पेन्शनची वही, कुटुंबाला लिहिलेली आंतर्देशीय पत्रे आणि तुकडीचा एकत्र फोटो पत्र्याच्या पेटीत पडून असतो. घरच्यांना ती मूळ वस्तू द्यायची नसते, आणि तसा आग्रह धरूही नये. घरी जाऊन छायाचित्र काढणे आणि फोटोतल्या चेहऱ्यांची नावे आजोबांकडून विचारून त्याच दिवशी लिहून घेणे हे अधिक मोलाचे असते. एकट्या माणसाच्या चिकाटीतून काय उभे राहू शकते याचे उदाहरण याच प्रदेशात धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेतून, आणि शेतांतून सापडणारे सातवाहनकालीन अवशेष आयुष्यभर गोळा केले. त्या संग्रहातून पुढे त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले, आणि ज्या मातीतून त्या वस्तू निघाल्या तिच्यापासून त्या फार दूर गेल्या नाहीत.