थोडक्यात जिंकण्याची किंमत : अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडू आणि सट्टा

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंनी सट्टेबाजीचे नियम मोडल्याच्या बातम्या गेल्या तीन वर्षांत इतक्या वारंवार आल्या आहेत की, हा सगळा मोबाइल अ‍ॅपने आणलेला नवा रोग आहे, असा वाचकाचा समज व्हावा. प्रत्यक्षात हे दुखणे ऐंशी वर्षांचे आहे. सट्टा लावण्याची पद्धत जशी बदलली तसा गैरप्रकाराचा आकार बदलत गेला, आणि प्रत्येक वेळी ज्याच्या हातात सर्वांत कमी पैसा होता तो खेळाडूच सर्वांत आधी तुरुंगात किंवा संघाबाहेर गेला. हे दोन धागे हाती धरल्याशिवाय आजच्या घटनांचा अर्थ लागत नाही.

सुरुवात होते ती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. १९३४च्या डिसेंबरपासून तेथे एकाच संध्याकाळी महाविद्यालयीन बास्केटबॉलचे दोन-दोन सामने होऊ लागले, हजारो प्रेक्षक येऊ लागले आणि त्यांच्यामागोमाग सटोडियेही आले. मात्र केवळ कोण जिंकणार यावर पैसे लावण्यात एक अडचण होती. बलाढ्य संघ दुबळ्या संघाशी खेळणार असेल तर दुबळ्यावर पैसे लावायला कोणी धजत नसे. १९४०च्या दशकात या अडचणीवर ‘पॉइंट स्प्रेड’ म्हणजे गुणफरकाची युक्ती रूढ झाली. शिकागोतील गणिताचे एक माजी शिक्षक चार्ल्स मॅकनील यांना तिचे श्रेय सामान्यतः दिले जाते. बलाढ्य संघ अमुक गुणांच्या फरकाने जिंकेल असा अंदाज बुकी जाहीर करी, आणि पैज लागे ती विजय त्या फरकापेक्षा मोठा होईल की लहान, यावर.

या युक्तीने धंदा वाढला आणि त्याबरोबर भ्रष्टाचाराचे एक नवेच दार उघडले. खेळाडूला आता हरण्याची गरज राहिली नाही. दहा गुणांनी जिंकण्याची अपेक्षा असताना चार गुणांनी जिंकले की काम झाले. संघ विजयी, प्रशिक्षक समाधानी, प्रेक्षक खूश आणि सटोडियाही खूश. यालाच ‘पॉइंट शेव्हिंग’ म्हणतात. २०१३च्या आयपीएलमधील स्पॉट-फिक्सिंग ज्यांना आठवते त्यांना यातले मर्म चटकन कळेल : सामन्याचा निकाल न बदलता त्याचा एखादा भाग विकता येतो, आणि म्हणूनच विकणाऱ्याच्या मनाला ते फारसे टोचत नाही. ‘आम्ही हरलो तर नाही ना’ हे समर्थन पुढल्या कित्येक चौकशांत पुन:पुन्हा ऐकू आले.

१९४५ साली ब्रुकलिन कॉलेजच्या पाच खेळाडूंनी सामना हरण्यासाठी पैसे घेतल्याचे उघड झाले, पण खरा स्फोट झाला तो १९५१ मध्ये. मॅनहॅटन कॉलेजचा ज्युनियस केलॉग हा त्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. गुणफरक कमी ठेवण्यासाठी त्याला १,००० डॉलर देऊ करण्यात आले. परिस्थिती बेताची असूनही त्याने ते नाकारले आणि प्रशिक्षकाला जाऊन सांगितले. त्यातून मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील फ्रँक होगन यांनी जो तपास सुरू केला त्याचे जाळे सात महाविद्यालयांतल्या ३२ खेळाडूंपर्यंत पोहोचले, आणि १९४७ ते १९५० या काळातल्या ८६ सामन्यांवर संशयाची छाया पडली. (केलॉगचे पुढचे आयुष्यही सांगण्याजोगे आहे. १९५४ मध्ये मोटार अपघातात त्याला पक्षाघात झाला, आणि नंतर तो व्हीलचेअर बास्केटबॉलचा प्रशिक्षक झाला.)

या प्रकरणात सर्वांत जिव्हारी लागला तो सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्कचा प्रसंग. शुल्क न घेता शिकवणारे हे महाविद्यालय. तिथला संघ प्रामुख्याने ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या, कष्टकरी घरांतल्या मुलांचा. १९५० मध्ये या संघाने एनआयटी ही निमंत्रित संघांची स्पर्धा आणि महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेची स्पर्धा, अशी दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदे एकाच हंगामात पटकावली होती. तसे आधी कोणी केले नव्हते, नंतरही कोणी केले नाही. पुढल्याच फेब्रुवारीत फिलाडेल्फियाहून सामना जिंकून परतणाऱ्या त्याच संघातल्या खेळाडूंना पोलिसांनी ताब्यात घेतले. ‘असले प्रकार न्यूयॉर्कमध्येच होतात’ असे मानून देशाच्या इतर भागांतील मंडळी निश्चिंत होती. केंटकी विद्यापीठाचे प्रसिद्ध प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांनी तर आपल्या मुलांच्या जवळपासही सटोडिये फिरकू शकत नाहीत, अशी ग्वाही दिली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये केंटकीच्या तीन माजी खेळाडूंना अटक झाली आणि १९५२-५३चा संपूर्ण हंगाम त्या विद्यापीठाला खेळाविना काढावा लागला.

पैसे पुरवणारा जवाहिऱ्या साल्वातोरे सोलाझो तुरुंगात गेला हे खरे. पण वीस-एकवीस वर्षांच्या कित्येक मुलांसाठी व्यावसायिक बास्केटबॉलची दारे कायमची बंद झाली, आणि ज्या सामन्यांच्या तिकिटांवर सभागृह व महाविद्यालये कमावत होती ते सामने पुढेही चालू राहिले. न्यायाधीश सॉल स्ट्राइट यांनी निकाल देताना महाविद्यालयांच्या प्रवेशपद्धतीवर आणि खेळाच्या बाजारीकरणावर कडक ताशेरे ओढले होते. त्या ताशेऱ्यांकडे दुर्लक्ष झाले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील ही सर्वांत मोठी चूक होय.

दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, तेच पुन्हा घडले आणि अधिक मोठ्या प्रमाणावर. या वेळचा सूत्रधार जॅक मोलिनास हा स्वतः एकेकाळी कोलंबिया विद्यापीठाचा उत्तम खेळाडू होता; व्यावसायिक संघात असताना सट्टा लावल्यामुळे १९५४ मध्ये त्याच्यावर बंदी आली होती. महाविद्यालयीन खेळाडूंना हाताशी धरून त्याने जे जाळे उभारले त्याबद्दल १९६३ मध्ये त्याला १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. परंतु या प्रकरणाचा सर्वांत क्लेशदायक बळी होता ब्रुकलिनचा कॉनी हॉकिन्स. त्याच्यावर कधी गुन्हा दाखल झाला नाही, सामन्यात गैरप्रकार केल्याचे कधी सिद्ध झाले नाही. केवळ मोलिनासच्या वर्तुळाशी ओळख असल्याच्या संशयावरून आयोवा विद्यापीठाने त्याला पहिल्याच वर्षी घालवले आणि एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगनेही दरवाजा लावून घेतला. न्यायालयीन लढ्यानंतर १९६९ मध्ये तडजोड होऊन तो एनबीएत आला, तोवर ऐन उमेदीची आठ वर्षे निघून गेली होती. १९९२ मध्ये त्याला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, एवढेच समाधान.

या दोन लाटांनंतर कायदे आले. १९६१च्या ‘वायर अ‍ॅक्ट’ने राज्यांच्या सीमा ओलांडून तारेने वा फोनने पैजा घेण्याच्या धंद्याला मनाई केली, तर १९६४च्या कायद्याने खेळाडूंना लाच देणे हा संघराज्यीय गुन्हा ठरवला. तरीही १९७८-७९ मध्ये बोस्टन कॉलेजचे प्रकरण घडले. त्याच्या मागे न्यूयॉर्कच्या गुन्हेगारी टोळीतली माणसे होती. १९८५ मध्ये ट्युलेन विद्यापीठाने गुणफरक, रोख पैसे आणि अमली पदार्थ यांच्या गुंत्यातून सुटण्यासाठी आपला पुरुष बास्केटबॉल संघच काही वर्षे विसर्जित केला.

१९९४चे अ‍ॅरिझोना स्टेटचे प्रकरण मात्र दोन कारणांनी वेगळे. तेथे खेळाडूला जाळ्यात ओढणारा बाहेरचा गुंड नव्हता, तर त्याच विद्यापीठातला पैजा घेणारा एक विद्यार्थी होता. खेळाडूवर सट्ट्याचे कर्ज झाले होते आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणून सामने विकले गेले. सट्टा खेळणारा खेळाडू आणि सामना विकणारा खेळाडू यांच्यात एकाच कर्जाचे अंतर असू शकते, हे येथे स्पष्ट दिसले. दुसरे म्हणजे, हा प्रकार आधी लक्षात आला तो लास वेगासच्या कायदेशीर बुकींच्या, कारण एका सामान्य सामन्यावर अचानक पैशांचा पूर लोटला होता. सट्टा उघड्यावर आणला तर गैरप्रकार पकडणे सोपे जाते, हा युक्तिवाद पुढे याच अनुभवाच्या आधारे मांडला गेला.

त्या वेळी कायद्याचा कल मात्र उलटा होता. १९९२च्या संघराज्यीय कायद्याने नेवाडासारखी मोजकी राज्ये वगळता इतरत्र क्रीडा-सट्ट्याला परवानगी देण्यास बंदी घातली होती. या कायद्याचे मोठे पुरस्कर्ते सिनेटर बिल ब्रॅडली हे स्वतः प्रिन्स्टनचे नामवंत बास्केटबॉलपटू होते. न्यू जर्सीने त्या कायद्याला आव्हान दिले, आणि १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यानंतर तीसहून अधिक राज्यांनी सट्टा कायदेशीर केला. आजोबांच्या काळात ज्यासाठी गल्लीतला बुकी शोधावा लागे, ते वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलवर आले.

एनसीएएचा नियम मात्र जुनाच राहिला : संघटना ज्या खेळांच्या अजिंक्यपद स्पर्धा भरवते त्यांतल्या कोणत्याही खेळावर, मग तो व्यावसायिक पातळीवरचा का असेना, खेळाडूने किंवा कर्मचाऱ्याने पैसे लावायचे नाहीत आणि संघातली आतली माहितीही कोणाला द्यायची नाही. एनसीएएने २०२३ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात १८ ते २२ वयोगटातल्या ५८ टक्के तरुणांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारे क्रीडा-सट्टा खेळल्याचे सांगितले. सोबतीच्या निम्म्याहून अधिक मुलांना जे नित्याचे, ते खेळाडूला निषिद्ध, अशी ही स्थिती होती.

त्याच वर्षी आयोवा आणि आयोवा स्टेट या विद्यापीठांतल्या सुमारे ४० खेळाडूंची नावे चौकशीत आली. आयोवात सट्ट्यासाठी वयाची अट २१ वर्षांची असल्याने काहींनी नातेवाइकांच्या नावे खाती चालवल्याचा आरोप झाला. पुढे मार्च २०२४ मध्ये चार जणांवरील खटले सरकारी पक्षाने मागे घेतले, कारण तपास अधिकाऱ्याने वॉरंटशिवाय स्थानदर्शक सॉफ्टवेअरने विद्यापीठाच्या इमारतींतील फोन धुंडाळल्याचे पुढे आले होते. दरम्यान त्यांचे हंगाम मात्र वाया गेले होते. स्वतःच्या सामन्याशी संबंध नसलेल्या किरकोळ पैजांसाठी हे फार कठोर होत असल्याची जाणीव एनसीएएलाही झाली असावी. जून २०२३ मध्ये तिने शिक्षांची श्रेणी ठरवली. २०० डॉलरपर्यंतच्या अशा पैजांना केवळ सट्ट्याच्या नियमांचे प्रशिक्षण, ८०० डॉलरच्या वर हंगामाच्या ३० टक्के सामन्यांची बंदी, आणि स्वतःच्या सामन्यावर पैसे लावल्यास किंवा तो बिघडवल्यास कायमची अपात्रता. १९५१ आणि १९६१ मध्ये जो भेद कोणी केला नाही तो येथे प्रथमच नियमात उतरला.

गुणफरकाच्या जागी आता ‘प्रॉप बेट’ आली आहे, म्हणजे एका खेळाडूचे गुण, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू) वा गुण मिळवून देणारे पास किती होतील यावरची पैज. एकट्याने, संघातल्या कोणालाही न सांगता ती बिघडवता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रेस्नो स्टेट आणि सॅन होजे स्टेटच्या तीन बास्केटबॉलपटूंना कायमचे अपात्र ठरवण्यात आले ते याच प्रकारासाठी. मुद्दाम कमी खेळून त्यांपैकी काहींनी मिळवलेली रक्कम होती सुमारे १६ हजार डॉलर. एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर २०२४ पासून महाविद्यालयीन खेळाडूंवरील अशा पैजांना बंदी घालण्याची मागणी राज्यांकडे करत आहेत आणि ओहायो, मेरीलँड, लुइझियाना यांसारख्या राज्यांनी ती मान्यही केली आहे. पैज हरलेले लोक समाजमाध्यमांवर विशी-बाविशीच्या मुलामुलींना शिव्या व धमक्या देतात, हेही त्या मागणीमागचे एक कारण आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यावसायिक खेळांवर पैज लावण्याची मुभा खेळाडूंना देण्याचा निर्णय एनसीएएच्या समित्यांनी घेतला. पण तो अमलात येण्यापूर्वीच पहिल्या श्रेणीतील दोन-तृतीयांश विद्यापीठांनी त्याविरुद्ध मत दिल्याने नोव्हेंबरमध्ये तो रद्द झाला आणि जुनी बंदी कायम राहिली. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये फिलाडेल्फियातील संघराज्यीय सरकारी वकिलांनी बास्केटबॉल सामने विकल्याच्या आरोपावरून २६ जणांवर आरोपपत्र ठेवले. १७हून अधिक महाविद्यालयीन संघांतल्या ३९हून अधिक खेळाडूंचा त्यात संबंध असल्याचे सांगण्यात आले, आणि एका सामन्यासाठी खेळाडूला देऊ केलेली रक्कम साधारणतः १० ते ३० हजार डॉलर होती. हे आरोप न्यायालयात अजून सिद्ध व्हायचे आहेत. त्यातले बरेचसे संघ मोठ्या विद्यापीठांचे नाहीत. खेळाडूंना अधिकृतपणे मोबदला देण्याची मुभा २०२१ पासून मिळाली असली तरी ज्यांच्या वाट्याला तो फारसा येत नाही, अशा लहान विद्यापीठांचे हे संघ आहेत.