दांडकं पाहिजे, खरं उसाचा दर सरकारनंच बांधून द्यावा

बेळगावात खडेबाजारला चहाच्या गाड्यावर निपाणीकडचे एक मामा भेटतात, मिलिटरीतनं रिटायर. त्यांचं रोजचं एकच, या देशात दहा वर्षं मिलिटरी राज आणा बघा, त्याशिवाय लोकं वठणीवर येणार नाहीत. आणि पुढच्याच घोटाला, उसाचं बिल अजून जमा नाही, सरकारनं कारखान्याला दम द्यावा, एफआरपीच्या (म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दराच्या) वर दर बांधून द्यावा. दांडकं मागणारा उजवा म्हणायचा, सरकारनं दर बांधावा म्हणणारा डावा. आता मामा उजवे की डावे?

हा घोळ जुना आहे. 1950 मध्ये अमेरिकेत बर्कलेला अडोर्नो नावाचा विचारवंत आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी एफ स्केल काढली, म्हणजे माणसाचा हुकूमशाहीकडं किती ओढा आहे ते मोजायची प्रश्नावली, हिटलर नुकताच गेलेला, त्यामुळं कुठली माणसं असल्या पुढाऱ्याच्या मागं जातात हे त्यांना शोधायचं होतं. आर्थिक मतांची वेगळी स्केलपण होती, आणि परक्यांच्या द्वेषाशी एफ स्केलचं जेवढं जुळलं तेवढं आर्थिक मतांशी जुळलंच नाही, खरं तिकडं फार कुणी बघितलं नाही. त्यात प्रश्न असे की 'हो' म्हटलं की मार्क वाढणार (आमच्याकडं सर्व्हेवाला दारात आला की नाही कोण म्हणतो?). 1954 मध्ये समाजशास्त्रज्ञ एडवर्ड शिल्सनं विचारलं, यात उजवेच सापडतात, डाव्यांतले हुकूमशाहीवाले कुठं गेले? मग 1959 ला लिप्सेट हा दुसरा समाजशास्त्रज्ञ म्हणाला, कामगार पगार-पेन्शनच्या बाबतीत डावा असतो, शिस्त आणि स्वातंत्र्याचं निघालं की कडक. मामांना हे फिट बसतं, तरी कामगारांकडं जरा वरनं बघून लिहिल्यासारखं वाटतं मला.

सगळ्यात पटतं ते रशियाचं. सोव्हिएत युनियन मोडायच्या सुमाराला मॅकफार्लंड वगैरे मानसशास्त्रज्ञांनी तिथं तपासलं, तर कडक शिस्तवाले बाजारपेठेच्या बाजूचे नव्हतेच, ते समान वाटपवाले निघाले. म्हणजे ज्या घरात जी रीत तीच धरून बसायचं, मग ती मार्क्सची का असेना. 2017 मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासकांनी आणखी एक दाखवलं, राजकारणात बुडालेली शिस्तवाली माणसं आर्थिक बाबतीतपण उजवीकडं जातात, आणि ज्यांना त्यात रस नाही ती सरकारी आधार मागतात.

आमच्याकडं तर आणखी गुंता. 1981 ला निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागं शेतकरी हायवेवर बसले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. मामा तेव्हा शाळेत, आंदोलनाला भाकऱ्यांचं गठुडं पोचवायला गेलेले.

परवा मी विचारलं, मामा, मिलिटरी आली आणि उसाचा दर पाडला तर?

मामा बशी खाली ठेवून म्हणाले, "मग काय, परत हायवेवर बसायचं की!"