बरगडीवरचा ठिपका

तासगावकडचे आमचे मामा 67 वर्षांचे. चार एकर द्राक्षबाग, आणि अजूनही छाटणीला स्वतः उभे राहणारे. गेल्या वर्षी लघवीचा त्रास वाढला म्हणून रक्त तपासलं, पीएसए (प्रोस्टेट बनवते ते रक्तात मोजता येणारं प्रथिन) जास्त आलं आणि बायोप्सीत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला. ऑपरेशन करायचं ठरत होतं. त्याआधी रोग ग्रंथीबाहेर पडलाय का ते बघायला पुण्यात पीएसएमए पेट स्कॅन झाला. मी सांगलीत कॉलेजवर भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून रिपोर्टची फाईल आधी माझ्याकडे आली. त्यात एका ओळीवर माझी नजर अडकली: डाव्या सातव्या बरगडीत ट्रेसर (स्कॅनसाठी सुईतून दिलेलं किरणोत्सारी औषध) साठलेला, हाडात प्रसार असण्याची शक्यता.

ही एक ओळ खरी धरली असती तर सगळंच बदललं असतं. हाडात गेलेला प्रोस्टेटचा कॅन्सर म्हणजे चौथी स्टेज. मग ऑपरेशन बाजूला पडतं आणि हार्मोनचं औषध सुरू होतं, तेही बहुधा कायमचं.

घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. सगळ्यांचा समज एकच होता, की स्कॅनमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच. तो समज का चुकतो हे मला नीट सांगायचं आहे.

पेट स्कॅनला कॅन्सर दिसत नाही, त्याला सुईतून दिलेलं औषध कुठे जाऊन बसलं एवढंच दिसतं. मामांना दिलेल्या औषधात फ्लोरिन-18 होतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे 110 मिनिटं, म्हणजे तेवढ्या वेळात त्याचे निम्मे अणू विघटित होतात. विघटित होताना अणूतून पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण धन भाराचा कण, बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण निघतात. यंत्राचं कडं त्या जोड्या टिपतं आणि त्या कुठून आल्या याचा नकाशा काढतं. या औषधाला पीएसएमए नावाच्या प्रथिनाला चिकटणारा रेणू जोडलेला असतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींवर हे प्रथिन मुबलक असतं, पण ते फक्त तिथेच नसतं, आणि सगळी मेख इथेच आहे. नावात ‘प्रोस्टेट स्पेसिफिक’ असूनही मामांच्या चित्रात सगळ्यात लख्ख दिसत होत्या त्या कानाखालच्या लाळग्रंथी आणि दोन्ही मूत्रपिंडं. अश्रूग्रंथी, यकृत आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही उजळलेला होता. हे सगळं निरोगी माणसातही असंच दिसतं, त्यामुळे वाचणाऱ्या डॉक्टरांना ते पाठच असतं. पाठीच्या कण्यालगत पोटात मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्याही औषध धरतात आणि नवख्या नजरेला लिम्फच्या गाठीसारख्या वाटतात.

याखेरीज जिथे जखम भरतेय, जिथे दाह आहे, जिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतायत, अशा जागाही औषध ओढून घेऊ शकतात. भरत आलेलं फ्रॅक्चर, पॅजेटचा हाडाचा आजार, सारकॉइड (दाहाच्या गाठी होणारा आजार), आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायचा तो क्षयरोग. छातीतल्या क्षयाच्या गाठी या स्कॅनमध्ये कॅन्सरच्या गाठींसारख्या उजळल्याच्या नोंदी आहेत. तरुणपणी टीबी होऊन गेलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत.

बरगड्यांचं दुखणं तर ठाऊकच असलेलं आहे. मामांना दिलेलं पीएसएमए-1007 हे औषध मुख्यतः यकृतावाटे बाहेर पडतं. त्यामुळे मूत्राशय फार चमकत नाही आणि शेजारचं प्रोस्टेट स्वच्छ दिसतं. हा त्याचा मोठा गुण. पण हाडांमध्ये, त्यातही बरगड्यांत, ते विनाकारण बारीक ठिपके दाखवतं. जर्मनीत 2020 मध्ये हे औषध दिलेले 102 रुग्ण आणि फ्लोरिनऐवजी गॅलियम असलेलं जुनं पीएसएमए औषध दिलेले तसेच 102 रुग्ण समोरासमोर ठेवून पाहिले. कॅन्सर नसलेल्या चमकत्या जागा गॅलियममध्ये 52 निघाल्या, तर 1007 मध्ये 245.

पण एवढ्यावरून स्कॅन वाईट ठरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या 302 पुरुषांच्या चाचणीत, 2020 सालीच, पीएसएमए पेटची अचूकता 92 टक्के आली, तर सीटी आणि बोन स्कॅन मिळून 65 टक्के. मी स्वतःसाठीही हाच स्कॅन निवडेन.

प्रोस्टेटच्या एमआरआयची गोष्ट याहून बोलकी आहे. हा एमआरआय इतर गोष्टींसोबत पाण्याच्या रेणूंची हालचालही बघतो. पेशी दाटीवाटीने बसल्या की पाण्याला हलायला जागा राहत नाही आणि तो भाग वेगळा उठून दिसतो. पण प्रोस्टेटला सूज आली, वयाप्रमाणे गाठी झाल्या, बायोप्सीचं रक्त साकळलं, किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी (टीबीची लस) मूत्राशयात दिल्यावर दाह झाला, तरी चित्र जवळपास तसंच येतं. ब्रिटनमधल्या 576 पुरुषांच्या चाचणीत (2017) एमआरआयने गंभीर कॅन्सर असलेल्या 100 पैकी 93 जणांना बरोबर पकडलं. पण तसा कॅन्सर नसलेल्या 100 पैकी 59 जणांवरही संशय घेतला. आता हिशोब करू. समजा 200 जण आहेत, त्यांत 80 जणांना गंभीर कॅन्सर आहे. त्यांतले 74 पकडले जातील. उरलेल्या 120 पैकी 71 जणांवर उगाच संशय येईल. म्हणजे ‘संशयास्पद’ शिक्का बसलेल्या 145 माणसांपैकी जवळपास निम्म्यांना तो कॅन्सर नसतोच. हा शिक्का घेऊन रात्र रात्र जागणाऱ्या घरांना हा आकडा कुणीतरी बसून सांगायला हवा, असं मला फार वाटतं.

मामांच्या डॉक्टरांनी तसं बसून सांगितलं. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. ठिपका फिका होता, लाळग्रंथींपुढे काहीच नाही, आणि एकुलता एक. त्यांनी विचारलं, “इथं कधी मार लागला होता?”

मामा म्हणाले, “तसलं काय न्हाई.”

मामी मागे उभ्या होत्या. “अवो, खरड छाटणीला शिडीवरनं पडला न्हवता का तुमी? मी म्हैनाभर हळदीचा लेप लावत हुते की.”

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मामांनी तिला लचक समजून एक्स-रेसुद्धा काढला नव्हता. डॉक्टरांनी सीटीच्या चकत्या मोठ्या करून एकेक सरकवल्या. सातव्या बरगडीच्या कडेला हाड जुळून आल्याची बारीक गाठ होती, आणि ठिपका बरोबर तिच्यावर बसत होता. प्रसाराने हाड पोखरलं किंवा दाट झालं असतं, तसं तिथे काही नव्हतं. तरी त्यांनी एकट्याने निर्णय घेतला नाही. चित्रं दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवली, दोघांचं मत जुळलं, तेव्हाच ऑपरेशनची तारीख दिली. मत जुळलं नसतं तर बरगडीची सुईने तपासणी करणार होते.

त्या दिवसापासून स्कॅनला निघालेल्या प्रत्येकाला मी एक कागद लिहायला लावतो. जुने मार, पडझड, टीबी, सांध्यांची दुखणी, बायोप्सीची तारीख, आधी झालेले उपचार. आणि लिहिताना बायकोला शेजारी बसवा म्हणतो. आपली शेतकरी माणसं रक्त आल्याशिवाय मार मोजत नाहीत.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी पीएसए केलं. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर ते जवळपास शून्यावर यायला हवं. शरीरात दुसरीकडे कुठे तो कॅन्सर उरला असेल, तर तो सहसा पीएसए बनवत राहतो आणि आकडा खाली येत नाही. बरगडीचा खरा निकाल यातून लागणार होता. रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा मामा बागेत होते. मी फोनवर आकडा वाचला: 0.1 पेक्षा कमी.

मामांना आकड्याचा अर्थ कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी मामींना हाक मारली आणि फोन त्यांच्या हातात दिला.