गृहसंगणकाची विषाणूंपासून सुरक्षा (बेळगाव सीमाभाग)

घरगुती संगणकात व्हायरस, वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा) इत्यादी मालवेअरचा (अपायकारक सॉफ्टवेअरचा) शिरकाव रोखण्याचे आणि झालाच तर ते काढून टाकण्याचे उपाय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतील मराठी घरांत संगणकावर मराठीबरोबर कन्नडही लिहावी लागते. संसर्गाच्या वाटा पाहताना ही गोष्ट लक्षात घ्यावी लागते.

आद्य व्हायरस कोणता, यावर एकमत नाही. १९७१ च्या सुमाराचा, बॉब टॉमस यांचा ‘क्रीपर’ अर्पानेटवर (इंटरनेटच्या पूर्वीच्या अमेरिकी संगणकजाळ्यावर) फिरला. पण तो संशोधकांच्या यंत्रांपुरता राहिला. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८३-८४ मध्ये या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. आयबीएम पीसीपुरता विचार केल्यास १९८६ चा ‘ब्रेन’ सामान्यतः पहिला मानतात. लाहोरच्या अल्वी बंधूंनी आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी तो लिहिला, असे त्यांचे म्हणणे आहे. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (संगणक सुरू होताना प्रथम वाचल्या जाणाऱ्या भागात) बसे आणि त्यात त्यांचा पत्ता व फोन क्रमांकही असे. गृहसंगणकाच्या दृष्टीने मात्र रिच स्क्रेंटा या शाळकरी मुलाच्या ‘एल्क क्लोनर’चा (१९८२) दावा अधिक सयुक्तिक वाटतो, कारण तो ॲपल २ वर, फ्लॉपींच्या देवघेवीतून पसरला.

ही हातोहात देवघेव आज पेन ड्राइव्हने चालते. लग्नपत्रिकेचा मजकूर किंवा मुलांचा प्रकल्प छापायला डीटीपीच्या दुकानात नेलेला ड्राइव्ह घरी लावावा, तर फोल्डरांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट दिसतात. मूळ फोल्डर पुसलेले नसून लपवलेले असतात. शॉर्टकट उघडला की मालवेअर चालू होतो आणि बहुधा खरे फोल्डरही उघडते, त्यामुळे संशय येत नाही. अशा वेळी घाईने फॉरमॅट करू नये. आधी स्कॅन करावे, मग कमांड प्रॉम्प्टमधील ‘ॲट्रिब’ आज्ञेने फाइली पुन्हा दृश्य कराव्यात. विंडोज ७ मध्ये, आणि एक्सपी व व्हिस्टात २०११ च्या अपडेटने, पेन ड्राइव्हचे ऑटोरन (ड्राइव्ह लावताच त्यातील प्रोग्रॅम आपोआप चालू होणे) बंद झाले. पण शॉर्टकट आपणच उघडतो, तिथे हा बंदोबस्त पुरत नाही.

दुसरी वाट फाँटची. सशुल्क मराठी फाँट-पॅकेजच्या ‘क्रॅक’ (परवान्याचे कुलूप तोडलेल्या) प्रतीसोबत अँटिव्हायरस बंद करण्याची सूचना येते. ती कदापि पाळू नये. विंडोज एक्सपीपासून (२००१) देवनागरी व कन्नड दोन्ही युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीत) वेगळे पॅकेज न घेता लिहिता येतात, तेव्हा साध्या पत्रव्यवहारासाठी असा धोका पत्करण्याचे कारण उरत नाही. कन्नडसाठी ‘नुडी’ हे लेखन-सॉफ्टवेअर मोफत मिळते.

अँटिव्हायरसपैकी पुण्याच्या काटकर बंधूंचे ‘क्विक हील’ मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर हा अँटिव्हायरस अंगभूत असतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू ठेवू नयेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची (२०१७) साधने मोफत आहेत.

अपडेटची टाळाटाळ महागात पडते. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. रॅन्समवेअर जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद करतो. म्हणून बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी.