परदेशी मदत, साथीचे रोग आणि पुणं: जरा मागं जाऊन बघू

१ जुलै २०२५ला अमेरिकेची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड गुंडाळली गेली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकानं लगेच टाकलं, "बरं झालं, फुकटचं वाटप बंद. आपल्याला काय फरक पडतो?" खाली आठ-दहा अंगठे. फरकाचं नंतर बघू, पण पुण्यात बसून हे म्हणणं म्हणजे गंमत आहे, कारण साथीच्या रोगांसाठी बाहेरून पैसा येतो म्हणजे नक्की काय होतं, कुणाला काय हवं असतं आणि पैसा गेल्यावर मागं काय उरतं, हे सगळं ह्याच गावात बघायला मिळतं.

सुरुवात भीतीपासून करावी लागते. १८५१ला युरोपातले देश कॉलऱ्याच्या धास्तीनं पॅरिसला एकत्र बसले, पुढं अशा परिषदा होत राहिल्या, आणि दर वेळी रडगाणं एकच की तिकडचा रोग इकडं यायला नको आणि व्यापारही बुडायला नको. मग १८९६ला मुंबईत प्लेग आला, आणि १८९७च्या सुरुवातीला व्हेनिसला खास प्लेगसाठी परिषद भरली. हिंदुस्थानातनं येणाऱ्या बोटी अडवल्या तर ब्रिटिशांचा माल अडकणार, म्हणून आम्ही इथं कसा कडक बंदोबस्त करतोय हे जगाला दाखवणं त्यांना भाग होतं. त्याच फेब्रुवारीत साथरोग कायदा आला (हो, तोच, जो २०२०ला कोरोनात पुन्हा बाहेर काढला) आणि पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करायला रँड हा गोरा अधिकारी आला. गोरे सोजीर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, सामान रस्त्यावर आणून जाळलं. २२ जूनला गणेशखिंड रोडवर चापेकरांनी काय केलं ते आपल्याला शाळेपासून पाठ आहे, सावित्रीबाई रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला प्लेगनंच गेल्या हेही माहितीये, पण व्हेनिसचं कुणी सांगत नाही. रोग आवरायची घाई लंडनला होती आणि घरं उघडी पडली ती पेठांमधली. हा धागा मला महत्त्वाचा वाटतो, कारण पुढं बंदोबस्ताचं नाव बदलून मदत झालं तरी ती भीती काही पूर्ण गेली नाही.

स्वातंत्र्यानंतरचं चित्र वेगळं. रॉकफेलर फाउंडेशन, म्हणजे मूळ तेलाचा पैसा, त्यांना डास-गोचिडीतनं पसरणारे व्हायरस जगात कुठं कुठं आहेत ते शोधायचं होतं. १९५२ला त्यांनी आयसीएमआरबरोबर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. पाचच वर्षांत, १९५७ला, शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावातली माणसं तापानं फणफणली. आधी सगळ्यांना वाटलं पीतज्वरच शिरला की काय देशात, पण पुण्याच्या मंडळींनी गोचिडीतनं येणारा नवाच व्हायरस शोधून काढला. नंतर रॉकफेलरचा हात सुटला, सेंटर मात्र राहिलं, १९७८ला ते राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही) झालं, आणि मार्च २०२०मधे अख्खा महाराष्ट्र ज्या "एनआयव्हीच्या रिपोर्ट"ची वाट बघत बसला होता ती एनआयव्ही म्हणजे हीच.

दुसरं उदाहरण पिंपरीचं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, आपण एचए म्हणतो ती. १९५४ला उभी राहिली, युनिसेफ आणि डब्ल्यूएचओच्या मदतीनं, आणि १९५५पासून पेनिसिलिन निघायला लागलं. तोवर ते बाहेरून यायचं. आमचे एक काका पुढं तिथं फर्मेंटेशनला होते. ते सांगायचे की पेनिसिलिनची बुरशी ज्या टाकीत वाढवायची तिच्यात मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातलं उरलेलं आंबट पाणी घालायचे, तो वास कपड्यात इतका बसायचा की काकू शर्ट वेगळे भिजवायची. आत जाणारी हवासुद्धा जंतू काढून सोडायची, कुठं एक व्हॉल्व्ह नीट बसला नाही आणि भलताच जंतू शिरला की "बॅच गेली", आठवडाभराची मेहनत गटारात. हे हाताला कळलेलं ज्ञान कुठल्या चेकवर मिळत नाही. पुढं ती कंपनी आजारी उद्योगांत गेली ती वेगळी कहाणी, पण औषध बनवणारे हात तयार झाले ते झालेच.

ह्याच्या शेजारी मलेरिया ठेवून बघा. १९४७च्या सुमाराला देशात वर्षाला साधारण ७.५ कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि ८ लाख मरायचे असा अंदाज आहे. १९५३ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात अमेरिकेची मोठी मदत, डीडीटीची पोती आली, फवारणीवाले दारोदार जाऊन भिंतीवर तारीख टाकून जायचे. १९६५पर्यंत आकडा लाखभरावर आला. सगळे खूश! मग डास डीडीटीला दाद देईनात, फवारा वेळेवर मिळेना, लक्ष उडालं, बाहेरचा पैसाही आटला, आणि १९७६ला ६४ लाख केसेस. पोती संपली की काम संपलं, असं झालं ते.

शिवाय त्या काळात संशयही कमी नव्हता. पीएल ४८० ह्या अमेरिकी कायद्याखाली येणारा गहू आपण रुपयात घ्यायचो, ते रुपये इथंच साठायचे आणि अमेरिका ते इथंच खर्च करायची. त्यातनंच दिल्लीजवळ डासांवर जनुकीय प्रयोग चालू होते, डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआरच्या नावानं. हे जंतुयुद्धाची तयारी तर नाही ना, असा संसदेत आणि पेपरात गदारोळ झाला आणि १९७५ला प्रकल्प बंद पडला. संशय कितपत खरा हा वाद बाजूला ठेवला तरी, ज्यांच्या आज्यांनी मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतनं आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी थापल्यात त्यांना फुकटच्या मालाकडं तिरक्या नजरेनं बघावंसं वाटलं तर नवल नाही.

देवीचं मात्र जमलं. रशियानं म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियननं जगाला १४० कोटींवर डोस दिले, अमेरिकेनं माणसं आणि पैसा दिला, ऐन शीतयुद्धात! पण खरी कमाल एका सुईची. दोन टोकांची छोटी सुई, लशीत बुडवली की टोकांमधे बरोबर एक थेंब अडकतो, मग दंडावर पंधरा वेळा टोचायचं, झालं. लस पूर्वीच्या चौथाईत भागायची, सुई उकळून परत वापरायची, आणि गावातल्या पोराला दहा मिनिटांत शिकवता यायचं. आपल्याकडं भिंतीवर लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. मे १९७५ला देशातला शेवटचा रोगी सापडला, १९८०ला जग देवीमुक्त जाहीर झालं. सगळा खर्च साधारण ३० कोटी डॉलर, त्यातला बाहेरून आलेला १० कोटींच्याही आत. बाकी दोन तृतीयांश रोग असलेल्या गरीब देशांनीच घातला. "फुकटचं वाटप" म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरा लक्षात ठेवावा.

एड्सच्या वेळी गणित उलटलं. औषधाला माणशी वर्षाला १० हजार डॉलरच्या वर लागायचे, फेब्रुवारी २००१मधे आपल्याकडच्या सिप्ला ह्या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तेच तीन औषधांचं मिश्रण ३५० डॉलरला देऊ केलं. २००२ला एड्ससारख्या रोगांसाठी देशोदेशीचा पैसा गोळा करणारा ग्लोबल फंड आणि २००३ला अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांची एड्ससाठीची पेपफार योजना आली, पण औषध जुन्याच भावात राहिलं असतं तर त्या पैशात कितीसे रोगी बसले असते?

आणि मग आपलं हडपसर. १९९६-९७ला आफ्रिकेत मेंदुज्वराची भयंकर साथ आली, २.५ लाख रोगी, २५ हजार मृत्यू. तिथल्या सरकारांनी स्पष्ट सांगितलं की डोस अर्ध्या डॉलरच्या वर गेला तर आम्हाला नको. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. २००१ला गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले, पाथ ही आरोग्यसंस्था आणि डब्ल्यूएचओनं काम हातात घेतलं, जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडायचं तंत्र अमेरिकेच्या औषध नियंत्रक एफडीएच्या लॅबमधनं आलं आणि लस बनवली हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटनं. डिसेंबर २०१०ला बुर्किना फासोत पहिली मोहीम. २०१२ला मंजुरी मिळाली की ही लस ४० डिग्रीपर्यंत चार दिवस फ्रिजशिवाय चालेल, म्हणजे बर्फाचे डबे डोक्यावर घेऊन वाळवंट तुडवायची गरज नाही. ३० कोटींहून जास्त लोकांनी ती घेतली आणि तो ए गटाचा मेंदुज्वर तिकडं जवळपास नाहीसा झाला.

हेच नातं २०२१ला उलटंही फिरलं. आपल्याकडं कोरोनाची दुसरी लाट आली, लशीची निर्यात थांबली, आणि आफ्रिकेत लोक पुण्याच्या डोसची वाट बघत राहिले. त्यांचं चिडणं मला समजतं, आपलं थांबवणंही समजतं.

जुलै २०२४पासून मलेरियाची आर२१ लस, ऑक्सफर्डची आणि सिरमची, आयव्हरी कोस्टमधे द्यायला लागले. असल्या लशींची मोठी खरेदी गरीब देशांना लशी पुरवणाऱ्या 'गावी' (Gavi) नावाच्या संस्थेच्या पैशातनं होते, आणि जून २०२५मधे अमेरिकेनं सांगितलं की गावीला आता आमचा पैसा नाही. ज्यानं ग्रुपवर "आपल्याला काय फरक पडतो" टाकलं त्याचा मुलगा हडपसरजवळच्या मांजरी गावात लशीच्याच प्लँटमधे क्वालिटी कंट्रोलला आहे. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही.