वेबहुकमधील सुरक्षात्रुटी

एखादी घटना घडताच एका प्रणालीने दुसरीला आपणहून एचटीटीपी (वेबवर माहिती पाठवण्याची पद्धत) वापरून निरोप धाडण्याची सोय म्हणजे वेबहुक. हे नाव जेफ लिंडसे यांनी २००७ मध्ये रूढ केले. एन८एन, झॅपियर, मेक अशा कार्यप्रवाह स्वयंचलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बरीच कामे वेबहुकनेच सुरू होतात : अर्ज भरला गेला किंवा पैसे जमा झाले, की ठरलेल्या यूआरएलवर (वेबपत्त्यावर) निरोप येतो आणि पुढची साखळी चालू लागते.

दुखणे त्या यूआरएलचेच. तो इंटरनेटवर उघडा असतो, म्हणजे पत्ता कळलेला कोणीही तिथे बनावट निरोप धाडू शकतो. लांबलचक पत्ता कोणाला सुचणार, या भरवशावर अनेक जण निर्धास्त राहतात. पण तो लॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदींत), स्क्रीनशॉटमध्ये, गिटच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) सहज उतरतो. एन८एनच्या वेबहुक नोडमध्ये (साखळीतील वेबहुकच्या टप्प्यात) तर प्रमाणीकरण, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख तपासणे, मुळात बंदच असते. ते आठवणीने चालू करावे लागते.

निरोप खरा की बनावट, हे ओळखण्यासाठी दोन्ही बाजूंकडील गुप्त किल्ली वापरून एचमॅक पद्धतीची सही जोडतात; ही सही किल्ली आणि मजकूर यांवरून गणिताने काढलेली असते. कोड साठवण्याची सेवा गिटहब त्यासाठी एसएचए-२५६ हे गणिती सूत्र वापरते. पेमेंट सेवा स्ट्राइप सहीत वेळही गुंफते आणि तिच्या लायब्ररी ५ मिनिटांहून जुनी सही सहसा नाकारतात. त्यामुळे पकडलेला खरा निरोप नंतर पुन्हा धाडून काही साधत नाही. सही मात्र आलेल्या मूळ मजकुरावरच तपासावी लागते. जेसन (निरोपातील माहितीची मांडणी) उलगडून पुन्हा बांधले, तर एका रिकाम्या जागेनेही ती जुळत नाही. मग एखादा वैतागलेला विकासक तपासणीच काढून टाकतो.

जानेवारी २०२६ मध्ये उघड झालेली एन८एनची त्रुटी (सुरक्षात्रुटींच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२६-२१८५८) वेगळ्या जातीची होती. सायेरा या कंपनीच्या संशोधकांनी ती शोधली. तीव्रता १० पैकी १०. फाइल स्वीकारणारा फॉर्म आलेल्या विनंतीचा कंटेंट-टाइप (मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, याची नोंद) तपासत नव्हता. त्यामुळे फाइल न पाठवताच तिचा खोटा मार्ग कळवता येई आणि सर्व्हरवरची हवी ती फाइल साखळीत ओढता येई. अशा फाइलींतून डेटाबेस आणि कूटबद्धीकरणाची किल्ली मिळाली, की प्रशासकाची कुकी (लॉगिनची खूण) बनवून सर्व्हरवर आज्ञा चालवणे शक्य होते. अशा सॉफ्टवेअरमध्ये ईमेल, डेटाबेस, पेमेंट सेवा यांच्या चाव्या एकत्र साठवलेल्या असतात, म्हणून नुकसान एका सर्व्हरपुरते राहत नाही. दुरुस्ती १.१२१.० या आवृत्तीत आली. स्वतःच्या सर्व्हरवर एन८एन चालवणाऱ्यांना ती स्वतःच बसवावी लागली.